चार बंदूकवाले आणि लंगडी घोडी

अप्पांनी मला कामावर ठेवलं तेव्हा एकच सूचना दिली. "पोरी, मधेच गप बसायचं न्हाई. तू गप झालीस की लोकायला वाटतंय वायर गेली."

चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की मला घाम फुटायचा, आणि पोटासाठी मिळालेलं पहिलं काम हे असं होतं. अडीच वर्षं मी ते केलं. आज मी बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, पण विद्यार्थ्यांना हे कधी सांगितलेलं नाही. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात शिकवण्याचं काम असणार. मला मात्र पहिल्यांदा नेकनूरची ती गच्चीवरची खोली आठवली.

खाजगी चॅनेल नुकतेच सुरू झाले होते. अप्पांचं बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पिढीजात व्यापारी घर, कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवारी दुकान अर्धा दिवस. त्यांनी दुकानाचा पुढचा गाळा विकला आणि गच्चीवर डिशची तबकडी बसवली. उरलेल्या मागच्या गाळ्यात घड्याळाचं टेबल आणि केबलचं ऑफिस एकत्रच. गच्चीवरच्या खोलीत व्हीसीआर, दोन-तीन यंत्रं, एक पंखा. तिथून काळी वायर निघायची, गच्च्यांवरून, चिंचेवरून, विजेच्या खांबांना टेकत गावभर जायची. लांब गेली की चित्राला मुंग्या येतात, म्हणून मध्ये मध्ये जोर देणाऱ्या पेट्या लावाव्या लागत. सगळ्यात मोठी पेटी बाजारतळावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर होती. ती टाकी कोरडीच होती, पण गावात तिच्याइतकं उंच काही नव्हतं. बाजारतळापलीकडचं अर्धं गाव त्या एका पेटीवर चालायचं. टाकीच्या शिडीच्या खालच्या पायऱ्या गंजून गळून गेल्या होत्या, त्यामुळे वर जाणं आमच्या इलियासलाच जमायचं. इलियास म्हणजे अप्पांचा वायरमन, तिशीतला, बारीक, आणि बोलण्यात कधीही घाई नसलेला.

अप्पांचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर दुपारी सिनेमा लागायचा. हिंदी सिनेमांच्या कॅसेटी महाग पडत. इंग्रजी कॅसेटी औरंगाबादहून गठ्ठ्यानं, जवळजवळ फुकट मिळत, पण त्या बघणार कोण? मग अप्पांच्या लक्षात आलं की त्यांच्या मागच्या बाजूला भाड्यानं राहणाऱ्या आरोग्य खात्यातल्या कारकुनांची मुलगी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात शिकून, बारावी झाल्यावर घरी बसली आहे.

ती मुलगी मी. बारा वर्षं वसतिगृहात काढून मी घरी आले होते आणि माझं मराठी गावातल्या मुलींना हसू आणायचं. 'तुम्ही जेवलात का' असं मी विचारलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. बाबांनी दोन अटी घातल्या: काम मागच्या जिन्यानं, अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे शकूकाकूंच्या स्वयंपाकघरातून जाऊन करायचं, आणि नाव कुठं सांगायचं नाही. दोन्ही अटी मला मनापासून मान्य होत्या.

काम असं चालायचं. आदल्या दिवशी कॅसेट एकदा बघायची, वहीत टिपणं काढायची. दुसऱ्या दिवशी सिनेमा सुरू झाला की भजनी मंडळाचा जुना माईक तोंडासमोर धरून, कोण काय म्हणतंय ते मराठीत सांगत जायचं. पात्रांची इंग्रजी नावं घ्यायची नाहीत, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. 'टोपीवाला', 'वकीलबाई', 'काळ्या दाढीचा' अशी नावं द्यायची. गोळी सुटली की आपण थांबायचं, गोळीला भाषांतर लागत नाही. नायक-नायिका फार जवळ आली की मी म्हणायचे, "आता ते दोघं लग्नाविषयी बोलत आहेत." एका सिनेमात ती दोघं लग्नाविषयी सहा वेळा बोलली, तेव्हा काकूंनी खालून ओरडून विचारलं की एवढी चर्चा झाली, तर तारीख का धरत नाहीत.

आणि कुणीच बोलत नसेल तर अप्पांचा नियम. वाऱ्याचं, डोंगराचं, माणसाच्या मनात काय चाललं असेल त्याचं, काहीतरी सांगत राहायचं.

गावानं माझा आवाज स्वीकारला. रेशनच्या रांगेत बायका माझ्याच पुढ्यात 'केबलवाल्या बाईं'चं कौतुक करत. त्यांच्या मते त्या औरंगाबादच्या होत्या, वय चाळीसच्या आसपास, आणि नवऱ्यानं टाकलेल्या. आवाजावरनं कळतंय म्हणे. मी रॉकेलचा कॅन धरून गप्प उभी राहायचे.

अडीच वर्षांत किती सिनेमे सांगितले ते आठवत नाही. एकच नीट आठवतो. त्याच्या कॅसेटवरची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती, म्हणून आम्ही त्याला 'चार बंदूकवाले' म्हणायचो. तो कुठल्या नावाजलेल्या सिनेमांच्या यादीत नसतो. त्यातल्या नटांना कुणी ओळखत नाही.

गोष्ट एवढीच. एका उजाड मुलखात एक झरा आहे. झऱ्याकाठी शेतकऱ्यांची सात-आठ घरं. गुरांच्या एका मोठ्या मालकाला तो झरा हवा आहे, म्हणून त्यानं घरं उठवायला चार बंदूकवाले भाड्यानं आणले आहेत. ते टेकडीआड तळ ठोकतात आणि मालकाच्या निरोपाची वाट बघतात. सिनेमाभर वाटच बघतात. एक जण मोजे शिवतो. एक जण पत्ते लावतो आणि स्वतःलाच फसवतो. एक जण सारखा झोपतो. चौथा म्हातारा आहे. त्याची घोडी लंगडते, आणि तो दिवसातून दोनदा तिच्या पायाची पट्टी सोडून, धुऊन, पुन्हा बांधतो. दोघं-तिघं दिवसा झऱ्यावर पाणी आणायला जातात, तेव्हा ज्यांना उठवायचं आहे त्याच बायका त्यांना पोहरा देतात. शेवटी निरोप येतो. सकाळी चौघं निघतात.

मला तो आदल्या दिवशी बघताना कंटाळवाणा वाटला होता. बोलणं जेमतेम, आणि शेवटची चार-पाच मिनिटं तर कुणी शब्द बोलत नाही. तेवढा वेळ मी काय बोलणार, या काळजीनं माझं लक्ष वहीत होतं. वहीतली नोंद आजही माझ्याकडे आहे: 'सकाळी जातात. लांबून गोळ्या. काम होतं. वारा, धूळ इ. सांगणे. समाप्त.'

हा सिनेमा लागला त्याच आठवड्यात अप्पांवर संकट आलं होतं. बीडहून एक नवा केबलवाला गावात उतरला होता. त्याच्याजवळ मोठी तबकडी होती आणि आणलेली चार माणसं होती. अप्पांनी आपलं जाळं त्याला द्यावं, नाहीतर ते राहणार नाही, असा निरोप त्यानं दोनदा पाठवला. अप्पांनी दोन्ही वेळा निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं. पण काकू मला म्हणाल्या की ते झोपत नाहीत. गाळा तर विकलेला होता. टाकीवरची पेटी गेली की अर्धं गाव अंधारात, आणि ज्यांच्या मालिका बुडतील ती घरं दोन दिवसांत नव्या माणसाची वायर घेणार. मग उरलेल्या अर्ध्यावर अप्पांचं भागणार नव्हतं. नवी पेटी आणायची ऐपत नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी 'चार बंदूकवाले' सांगत होते. निरोप आलेला, चौघं सकाळची वाट बघतायत, म्हातारा घोडीची पट्टी बांधतोय. इतक्यात इलियास जिना चढून आला आणि दारात टेकून हळूच म्हणाला, "ताई, बस स्टँडकडची लाईन गेली. कापली किसीने." मी माईकवर हात ठेवला. तो म्हणाला, "आप बोलते रहो. इकडचं गाव चालू हाय." मी शेवटपर्यंत बोलत राहिले. वारा, धूळ, मालकाला झरा मिळाला, समाप्त.

दुसऱ्या दिवशी अप्पा ओळखीच्या लोकांना भेटायला बीडला गेले. इलियास बस स्टँडमागे तुटलेली वायर जोडत होता. काकूंनी मला ऑफिसात बसायला सांगितलं, कुणी आलं तर 'अप्पा नाहीत' एवढं सांग म्हणाल्या. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस दारात आला. चाळिशीचा, उंच, काळाकभिन्न, धोतर, खांद्यावर टॉवेल. हात विलक्षण लांब होते.

"अप्पा हाईत का?"

"नाहीत. बीडला गेलेत."

तो आत यायला निघालेला थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमीच त्या."

मला गावात कुणी आवाजावरून ओळखलं असं ते पहिलं आणि शेवटचं. तो घड्याळाच्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि टॉवेलानं तोंड पुसून म्हणाला, "कालचा पिक्चर. त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

"तुम्हाला दिसला नाही का?"

"वायर तुटली ना." मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आमच्याच येड्यानं तोडली. मला म्हन्ले, तू स्टँडवरच्या हाटेलात बस, तुझं काम परवा टाकीवर हाय. मी बसलतो. लई रंगलता पिक्चर. त्या येड्याला पंधरा मिंटं दम न्हाई निघला." त्यानं बाजारात दोघांना शेवट विचारला होता. एक जण म्हणाला झोप लागली होती, दुसऱ्यानं सगळे मेले असं सांगितलं, पण तो सगळ्याच सिनेमांचं तसंच सांगत असे.

त्याचं नाव बळीराम. गाव चकलांबा. सहा महिने तो बायको आणि बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचा. उरलेल्या दिवसांत चिंचा झोडायला जायचा, झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्याच गुणामुळे त्याला इथे आणलं होतं. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. उद्या सकाळी टाकीवर चढून पेटी काढायची आहे, हेही त्याच सुरात. उद्या निंदायला जायचंय असं सांगावं तसं.

"अप्पांचं काय चुकलंय?" मी विचारलं. माझा मलाच आवाज ऐकू आला.

"काय न्हाई," तो म्हणाला. "आमी काय, बोलवील त्याच्याकडं जानारी मानसं. तुमी म्हाताऱ्याचं सांगा."

मला वहीतली नोंद पाठ होती. काम होतं. समाप्त. मी दाराबाहेर बघितलं. इथून टाकीचा वरचा भाग दिसायचा, आणि पेटीचा पत्रा उन्हात चमकत होता. मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आजवर सगळे सिनेमे मी भिंतीकडे बघून सांगितले होते.

"म्हाताऱ्यानं बंदूक टाकली," मी म्हणाले. "सकाळी चौघं निघाले. झऱ्याजवळ आल्यावर तो खाली उतरला. म्हणाला, या बायकांनी मला पाणी दिलंय, मी यांच्यावर गोळी चालवणार नाही. बाकीचे हसले. पण तो गेला आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला."

एवढं लांब मी कुणाशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. माईकवरचाच आवाज निघत होता, शांत, पुस्तकी. हातांनी मात्र मी टेबलावरच्या एका घड्याळाला उगीचच किल्ली देत होते.

बळीरामनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. "मालकाचा पैका घेतलेला असून?"

"हो."

"मंग मेला असंल."

"का?"

"उचल घेऊन काम सोडल्यावर कोन जित्तं सोडतंय, बाई." मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेणाऱ्या माणसाला हे सिनेमातून शिकायची गरज नव्हती. त्यानं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "आन घोडी?"

घोडीचा मी विचारच केला नव्हता. "असेल तिथंच," मी म्हणाले.

हे त्याला आवडलं नाही. "आसंल म्हंजे? सारा पिक्चर तिच्या पायाला फडकं बांधीत व्हता त्यो. घोडीचं काय झालं ते सांगा ना."

"मला आठवत नाही."

तो उठला, टॉवेल झटकला, आणि "बरंय" म्हणून गेला. आतून काकूंनी विचारलं कोण होतं. मी म्हणाले, सिनेमाबद्दल विचारत होते कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीखाली तीन माणसं काठ्या घेऊन उभी होती. मी आणि काकू गच्चीवरून बघत होतो. रात्रीच परतलेले अप्पा खाली दुकानात, डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसले होते. ते घड्याळ त्यांनी दिवसभर मिटलं नाही. तिघंही चौथ्याची वाट बघत होते. ऊन चढलं तसे लोक जमले, मुख्यतः बायका, कारण दुपारच्या मालिकेचा प्रश्न होता. शेवटी त्या तिघांतला एक जाडजूड माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहून शिडी चढायला लागला. निम्म्यावर गेला आणि त्यानं खाली बघितलं. तिथून तो ना वर जाईना ना खाली येईना. एका म्हातारीनं खालून विचारलं, "कावून थांबला रे? येतो का भाकर वर पाठवू?" इतक्या हसण्यात दांडगाई चालत नाही. त्याला उतरवायला इलियासलाच चढावं लागलं.

त्या एका दिवसानं अप्पा वाचले. पंचायतीतली माणसं मध्ये पडली, नव्या केबलवाल्याला गावाबाहेरच्या नव्या वस्त्या मिळाल्या आणि जुनं गाव अप्पांकडे राहिलं. पुढे मोठ्या कंपन्या आल्या आणि दोघंही एकाच वेळी संपले, पण ती पुढची गोष्ट. इंग्रजी सिनेमे हिंदीत बोलायला लागले तेव्हा माझंही काम गेलं. अप्पा आता पुन्हा घड्याळं दुरुस्त करतात. लोक दुरुस्त करण्याऐवजी नवीनच घेतात, अशी त्यांची तक्रार असते.

बळीराम टाकीवर आला नाही, एवढंच तेव्हा आम्हाला माहीत होतं. आठवड्यानं इलियासनं बातमी आणली. त्या माणसांनी त्याला गेवराईच्या स्टँडवर गाठलं होतं. "पांव तोड दिया उसका, ताई." त्या वर्षी तो ऊसतोडीला गेला नाही म्हणे, बायको भावाबरोबर गेली.

मी ते ऐकून घेतलं आणि दुपारचा सिनेमा सांगायला गेले. इलियासला माहीत नव्हतं की बळीराम ऑफिसात येऊन गेला होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अप्पा 'कपिलधारच्या देवानं राखलं' म्हणून अभिषेक घालून आले, त्याचा प्रसादही मी खाल्ला. एका माणसाला मी खोटा शेवट सांगितला आणि त्याचा पाय मोडला, हे मला माहीत होतं. चकलांबा काही परदेशात नाही. पण मी गेले नाही. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि काय बोलायचं, हेच मला सुचत नव्हतं. माझ्यासारखी माणसं बुजरेपणाच्या आड पुष्कळ गोष्टी लपवतात.

गेल्या उन्हाळ्यात बीडमध्ये एका दुकानात जुन्या सीडींच्या ढिगात तो सिनेमा सापडला. वेष्टनावर म्हातारा आणि घोडी होती, म्हणून ओळखू आला. पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं आणि ते मला दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं असल्यासारखं वाटलं. दुपारी घरी लावला. बाबांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, ते शेजारच्या खोलीत झोपले होते, म्हणून मी आवाज पूर्ण बंद केला.

आवाज नसताना मी तो सिनेमा पहिल्यांदा बघितला. तो काय ताकदीचा आहे हे मला आता कळलं. त्या चौघांचं वाट बघणं मला एके काळी रिकामं वाटलं होतं. भाड्यानं आणलेल्या माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो, हे त्यात प्रत्येक चित्रात दिसतं. मोजे शिवणारा माणूस तोच मोजा तीनदा उसवतो. आणि शेवटची ती चार-पाच मिनिटं, ज्यात मी वारा आणि धूळ भरली होती. लांबून गोळ्यांचा धूर दिसतो. मग टेकडीवरून घोडेस्वार परत जाताना दिसतात. ते तीन आहेत. मी तेव्हा मोजलेच नव्हते. मग झरा दिसतो. घरं जागच्या जागी आहेत. एक बाई पाणी भरते आहे. दगडी काठावर म्हाताऱ्याचा बंदुकीचा पट्टा पडलेला आहे, बंदुकीसकट. आणि घोडी पाणी पिते आहे. समाप्त.

मी जे खोटं म्हणून सांगितलं होतं ते खरं होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, एवढंच. आणि कुणी बोललं नाही तर काही घडलंच नाही, असं माझं काम मला शिकवत होतं.

श्रावणात मी गेवराईला आणि तिथून चकलांब्याला गेले. त्या दिवसांत ऊसतोडीची माणसं घरी असतात. बळीरामचं घर लगेच सापडलं. तो अंगणात बैलाच्या गळ्यातलं दावं वळत बसला होता. केस पिकले होते. उठला तेव्हा डावा पाय ओढत उठला. मी माझं नाव सांगायच्या आत तो बायकोला म्हणाला, "केबलच्या बाई आल्यात. चहा टाक."

चहा होईपर्यंत तो पुन्हा दावं वळत बसला. त्याच्या बायकोनं कप हातात दिला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पिक्चरपायी पाय मोडून घेतलेला चकलांब्यात हाच येक हाय."

मी सांगायला आलेलं सांगून टाकलं. की त्या दिवशी मी खोटं बोलले, मला शेवट माहीत नव्हता, पेटी वाचावी म्हणून मी रचून सांगितलं.

"ते तवाच कळालतं," बळीराम म्हणाला. "तुमाला घोडीचं सांगता आलं न्हाई. मानूस बंदूक टाकून जातोय आन घोडीचं काय झालं ते ठावं न्हाई? मंग बाकीचं बी रचलेलंच."

"मग टाकीवर का चढला नाहीत?"

त्यानं दाव्याला दोन पीळ घातले. "चढनारच व्हतो. सकाळी निघलो बी. मंग म्हन्लं, ही पोरगी खोलीत दडून दुसऱ्याचं बोलनं बोलती. मानसाशी बोलत न्हाई. हिला माझ्यापायी आपल्या मनचं बोलावं लागलं. भ्येवून नुसती घड्याळाला किल्ली देत व्हता तुमी." मग म्हणाला, "आन चिंचंवर चढून लोकाचं फळ पाडतो आमी. पेटी पाडायचं मन न्हाई झालं. गेलो स्टँडवर."

त्याची बायको चुलीकडे वळली होती, पण कान इकडेच होता.

मग मी त्याला शेवट सांगितला, खरा. टेकडीवरचे तीन घोडेस्वार, जागेवरची घरं, पाणी भरणारी बाई, काठावरचा पट्टा. सावकाश सांगितलं, त्याच्याकडे बघून, आणि जिथे सिनेमात शांत आहे तिथे मीही थांबले. "म्हातारा शेवटी दिसत नाही," मी म्हणाले. "घोडी दिसते. झऱ्यावर पाणी पिते आहे."

"मेला असंल मंग," त्याची बायको म्हणाली. ही समजूत या घरात पक्की होती, आणि माझ्याही मनात तेच होतं.

बळीराम दावं वळायचा थांबला. "पाठीवर खोगीर व्हतं का?"

"कुणाच्या?"

"घोडीच्या. पानी पीत व्हती तवा. खोगीर घातलेलं व्हतं का काढलेलं?"

मी डोळे मिटले. दगडी काठ, पट्टा, ओली जमीन. घोडीची पाठ. पाठीवर घामाचा एक काळपट चौकोन होता. आणि खोगीर मागे घराच्या कुडाला टेकवून ठेवलेलं होतं.

"काढलेलं होतं," मी म्हणाले.

"गोळी लागल्यावर खोगीर कोन काढतंय?" तो बायकोला म्हणाला, मला नाही. "फडावर गेल्यावर आपुन पयलं काय करतो? बैल सोडतो. ज्याला ऱ्हायाचं आसतंय त्यो आधी जनावराची पाठ मोकळी करतो."

त्यानं दावं पुन्हा हातात घेतलं.

"हाय त्यो," बळीराम म्हणाला. "घरात आसंल."